अथक वहिनींची खुर्ची

भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, अशी एकही सतरंजी नाही, जिच्यावर अपर्णावहिनींना बसलेलं पाहिलं असं कुणी शपथेवर सांगेल. मराठी मंडळाचं हळदीकुंकू असो, कोजागरी असो की गणपतीतली एकांकिका, बायकांचा सगळा घोळका मांडी घालून खाली, आणि अपर्णा मागे भिंतीपाशी उभी, हातात पाण्याचा जग. मग सांगणाऱ्यांनी त्यात आपापली भर घातली. कुणी म्हणे, चार तासांच्या कीर्तनात तिनं एकदाही पाय बदलला नाही. कुणी म्हणे, समोरच्या क्वार्टरमधून स्पष्ट दिसतं, ती घोड्यासारखी उभ्यानंच झोपते. गेल्या उन्हाळी शिबिरात ती एका जागी इतका वेळ उभी होती की एका साळुंकीनं तिच्या अंबाड्यात काड्या आणून ठेवल्या, ही गोष्ट तर बाग सेवनियापर्यंत गेली, आणि परत आली तेव्हा त्या घरट्यात दोन अंडी होती.

खरं एवढंच होतं की तिला बसता येत नव्हतं.

सोनलच्या जन्माच्या वेळी टाके पडले होते. टाके भरले, दुखणं राहिलं. आणि दुखणं तरी कसलं, मिरच्या चिरलेला हात नको तिथे लागावा तशी आग. खुर्चीवर दहा मिनिटं, स्कूटरवर तीन, आणि नवऱ्याच्या जवळ जायचं म्हटलं तर नुसत्या विचारानंच अंग आवळून यायचं. सोनल आता सात वर्षांची होती. शाळेत तिनं ‘माझं घर’ असं चित्र काढलं, त्यात बाबा, आजी आणि ती स्वतः सोफ्यावर बसलेली, आणि आई सोफ्यामागे विजेच्या खांबासारखी उभी. चित्राला बक्षीस मिळालं. अपर्णानं ते फ्रिजवर लावलं आणि त्याच्यासमोर उभी राहून कणीक मळली.

पहिल्याच वर्षी सासूबाईंनी विचारलं होतं, “काय गं, कुठं दुखतं?” अपर्णानं क्षणभर विचार केला. नलिनीबाई नागपूरच्या, देवघरापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे मोठ्यानं बोलणाऱ्या, पण त्या जागेला त्यांच्या तोंडी शब्द नव्हता. अपर्णाच्या तोंडी तरी कुठे होता. ती म्हणाली, “कंबर.”

झालं. त्या दिवसापासून कंबरेवर उपचार सुरू झाले. पट्टा आला, शेक आला, वाळूची पुरचुंडी आली. नलिनीबाई रोज सकाळी तिला पालथी पाडून तेल लावायच्या, असं की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. एक्स-रे एवढे काढले की लग्नात नवरीचे तेवढे फोटो निघाले नव्हते. सगळ्या कागदांची फाइल अशी जाड झाली की बसमध्ये तिच्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागेल असं वाटे. कंबर बिचारी पहिल्यापासून ठणठणीत होती. एवढी सेवा झाल्यावर ती तर आता शंभर वर्षं टिकणार होती.

कंबर सोडून खरी गोष्ट सांगायला ती अधूनमधून एकटीच बायकांच्या डॉक्टरांकडे जायची. चार झाल्या. प्रश्न तेच. “शादी को कितने साल हुए?” “बच्चे कितने?” “घर में कोई टेंशन?” एकीनं बुरशीचं मलम दिलं, दुसरीनं त्याच मलमाची मोठी ट्यूब. तिसरीनं तपासून हातमोजे काढत सांगितलं, “सब नॉर्मल है।” चौथी कागदावरून मान वर न करताच म्हणाली, “एक और बच्चा कर लीजिए, सब खुल जाएगा।” अपर्णा दर वेळी फी देऊन, कागद घडी घालून बाहेर पडायची आणि परतीच्या बसमध्ये दांडी धरून उभी राहायची. चिडायलाही ताकद लागते. ती तिनं कणकेसाठी आणि सोनलच्या अभ्यासासाठी राखून ठेवली होती.

पाचवी सापडली ती गेल्या जानेवारीत, तुलसी नगरमधल्या एका छोट्या दवाखान्यात. डॉक्टर विनिता. आत गेल्यावर त्या सवयीनं म्हणाल्या, “बैठिए।” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “या खड़े रहिए, जैसे आराम लगे।”

सहा-सात वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी कुठलं यंत्र लावलं नाही. कान साफ करायची असते तशी कापसाची काडी घेतली आणि घड्याळाचे आकडे मोजावेत तशी एकेका जागी हलकेच टेकवली. “यहाँ? यहाँ? और यहाँ?” बाराला काही नाही, तीनला काही नाही. पाचला आणि सातला अपर्णाच्या डोळ्यांपुढे लख्ख झालं. नुसत्या कापसानं. डॉक्टरांनी काडी लगेच काढून घेतली आणि कागदावर घड्याळ काढून त्या दोन जागांवर फुल्या मारल्या. अपर्णा त्या फुल्यांकडे पाहत राहिली. तिचं दुखणं पहिल्यांदाच कागदावर दिसत होतं, आणि ते कंबरेत नव्हतं.

“वहम नहीं है आपका,” डॉक्टर म्हणाल्या. “इसका नाम है। व्हल्वोडायनिया कहते हैं।” मग त्यांनी सावकाश समजावलं. जखम भरते, पण तिथल्या नसा कधीकधी सावधच राहतात, साधा स्पर्शही आग म्हणून कळवतात. दुखेल या भीतीनं खालचे स्नायू आवळून धरले जातात, आणि आवळल्यामुळे आणखी दुखतं. वरून दिसायला सगळं नॉर्मल. ती सगळी मलमं बंद, सुगंधी साबण बंद. एक बधिर करणारं मलम, एक छोटी गोळी, आणि मुख्य म्हणजे त्या स्नायूंचा व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. ती, योगिनी, इंदूरहून एक शनिवार सोडून एक शनिवार यायची आणि तिच्याकडे भोपाळची रांग लागलेली असायची.

“कितने दिन में ठीक होगा?” अपर्णानं विचारलं.

“दिन नहीं, महीने। झूठ नहीं बोलूँगी।”

योगिनीची वेळ मिळाली ती तीन महिन्यांनंतरची. चैत्रातला शनिवार, संध्याकाळी साडेपाच. अपर्णानं ती तारीख कुठेही लिहिली नाही, कुणाला सांगितली नाही. ओट्यापाशी उभ्या उभ्या रोज एक दिवस मनातून खोडला.

त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी अच्युतराव आले. ते मंडळाचे अध्यक्ष, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त, आणि बोलताना अजूनही समोर मशीन चालू असल्यासारखा आवाज.

“नलिनीताई, पेढे काढा. तुमच्या सूनबाईंचा सत्कार ठरलाय. अथक सेवा सन्मान. शनिवारच्या हळदीकुंकवातच उरकतो, पाच वाजता.”

“अगंबाई,” नलिनीबाई म्हणाल्या. “कोणी सुचवलं?”

“सुचवायचं काय त्यात. तीस वर्षं मंडळ पाहतोय मी, बसायला जागा असून न बसणारा माणूस एकच. आमचे कार्यकर्ते पहा, सतरंजी घालायच्या आधीच त्यावर लोळतात. आणि या वहिनी. मी म्हटलं, हिला शाल नको, नारळ नको. हिला खुर्ची द्यायची.”

“खुर्ची?” अपर्णा म्हणाली.

“सागवानी. हातांवर कमळं कोरलीत. बाग सेवनियातल्या सुतारानं दोन महिने घेतलेत, बसायची फळी अशी टणक केलीय की नातवंडं नाचली तरी हलणार नाही. कार्यक्रमभर तुम्ही त्यावरच बसायचं, वहिनी. भाषणं पाच आहेत, मग बायका एकेक करून तुमची ओटी भरतील. दीड तास तुम्ही उठायचंच नाही. सगळ्या मंडळाला तुम्हाला बसलेलं बघायचंय.”

अपर्णा हसली. दुसरं काय करणार.

ते गेल्यावर नलिनीबाईंनी नागपूरला तीन फोन केले. तिसऱ्या फोनपर्यंत खुर्ची चांदीच्या पायांची झाली होती आणि सत्काराला मंत्रालयातून माणूस येणार होता.

गुरुवारी अपर्णानं दवाखान्यात फोन लावला. पुढची वेळ जूनच्या शेवटी. तिनं फोन ठेवला आणि मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सत्काराला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. कंबर म्हटलं तर सगळं मंडळ तेलाच्या बाटल्या घेऊन दारात. ताप म्हटलं तर नलिनीबाई थर्मामीटर लावणार. आणि हो म्हणायचं तर त्या टणक फळीवर दीड तास, मग आठवडाभर आग, आणि वर अडीच महिने थांबणं. अडीच महिने म्हणजे काही फार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. सात वर्षं गेली, तिथे अडीच महिने. शुक्रवारी कपडे वाळत घालताना तिच्या लक्षात आलं की आपण हे स्वतःला दर वर्षी समजावतोय.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात कैरीच्या डाळीची तयारी चालली होती. साठ बायकांची डाळ. नलिनीबाई पाटावर बसून कैऱ्या किसत होत्या, अपर्णा ओट्यापाशी मिक्सरमध्ये भिजलेली हरभऱ्याची डाळ फिरवत होती.

“हिरवी पैठणी नेस,” नलिनीबाई म्हणाल्या. “खुर्चीवर शोभेल.”

अपर्णानं मिक्सर बंद केला.

“आई, मी आज येणार नाही. साडेपाचला माझी दवाखान्यात वेळ आहे. तीन महिन्यांपूर्वी घेतलीय.”

“कंबरेची? अगं, सोमवारी जाऊ.”

“कंबरेची नाही. कंबर मला कधी दुखलीच नाही.”

नलिनीबाईंचा हात किसणीवर थांबला. अपर्णानं पाठ ओट्याला टेकवली आणि सांगितलं. जागा सांगितली, आग सांगितली, टाक्यांपासून सांगितलं. शब्द सापडले नाहीत तिथे हातानं दाखवलं. रडली वगैरे नाही. वाण्याला किराणा सांगावा तशा आवाजात सगळं सांगून टाकलं, कारण दुसरा आवाज काढायला अंगात काही शिल्लक नव्हतं.



“सात वर्षं,” नलिनीबाई म्हणाल्या. “सात वर्षं मी तुझ्या कंबरेला तेल लावतेय.”

“हो.”

“आणि तू लावू दिलंस.”

“तुम्ही एवढ्या मनापासून लावत होतात.”

नलिनीबाईंनी कैरीची कोय बाजूला ठेवली. “कंबर तरी चांगली आहे ना?”

“कंबर फार छान आहे, आई.”

“असायलाच हवी. तिळाचं तेल होतं.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. त्यांचा आवाज खाली आला, आणि नलिनीबाईंचा आवाज खाली आलेला त्या क्वार्टरच्या भिंतींनीही कधी ऐकला नव्हता. “मला का नाही सांगितलंस, असं विचारणार होते. पण विचारते कुठल्या तोंडानं. मीच कधी तसं बोलले नाही. आमच्या वेळी पोटाच्या खाली एकदम गुडघेच असायचे.”

मग त्या पाटावरून उठल्या, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “अंबरीश.”

अंबरीश, अपर्णाचा नवरा, सत्कारासाठी कुर्त्याला इस्त्री करत होता. कारखान्यात मोठमोठ्या यंत्रांच्या चाचण्या घेणारा माणूस, पण गेली दोन वर्षं तो बाहेरच्या दिवाणावर झोपत होता आणि विचारलं तर सांगायचा, आतल्या पंख्याचा आवाज येतो. पंखा त्यानंच दोनदा दुरुस्त केला होता.

“तू हिच्याबरोबर तुलसी नगरला जा,” नलिनीबाई म्हणाल्या.

“आत्ता? आणि सत्कार?”

“सत्काराचं मी बघते. सोनलला मी नेते.”

“पण काय झालंय?”

“ती सांगेल. आणि स्कूटर काढू नकोस. बसनं जा.”

अंबरीश दहा वर्षांत सिटी बसमध्ये चढला नव्हता. बस अर्धी रिकामी होती. अपर्णा सवयीनं मधल्या दांडीपाशी जाऊन उभी राहिली. तो एका सीटवर बसू लागला, तिच्याकडे पाहिलं, आणि बसता बसता परत उभा राहिला. कंडक्टरला हे काही पटलं नाही.

“भैया, सीट खाली है। पूरी बस खाली है।”

“हम खड़े ठीक हैं।”

“टिकट उतने का ही लगेगा,” कंडक्टरनं बजावलं.

भोपाळच्या बसमध्ये मराठी बोलणं म्हणजे पातळ पडद्याआड बोलणं. समोरच्याला चार शब्द कळतात, पाचवा निसटतो. अपर्णानं त्या पडद्याआड, दोन थांब्यांमध्ये थोडं, सिग्नलला थोडं, असं सगळं सांगितलं. अंबरीश दांडी धरून खिडकीबाहेर पाहत होता. बस वळली तसा त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला आणि तो पटकन मागे सरकला.

“खांद्याला काही होत नाही,” अपर्णा म्हणाली.

तो परत जवळ आला. “मला वाटायचं, मी तुला नकोसा झालोय.”

“तुला तसं वाटत असणार, हे मला कळत होतं.”

“मग सांगायचंस ना.”

“असलं काही सांगायचं तर आधी शेजारी बसावं लागतं रे.”

पुढच्या थांब्यावर सात-आठ माणसं चढली, बस भरली, आणि ती दोघं उभी आहेत हे वेगळं दिसेनासं झालं.

योगिनी पंचविशीची दिसत होती आणि दिवसभर बोलून तिचा घसा बसला होता. तिनं अपर्णाला उताणं झोपवून गुडघ्यांखाली लोड दिला आणि म्हणाली, “पहले सिर्फ़ साँस। पेट तक।” मग तिनं स्वतःची मूठ घट्ट आवळून दाखवली. “नीचे की मांसपेशियाँ ऐसी हैं। सात साल से। इसे ज़ोर से नहीं खोलते।” तिनं एकेक बोट सावकाश उलगडलं. पाचही बोटं सरळ व्हायला मिनिटभर लागलं.

तपासणी सांगून, विचारून, थांबून झाली. अपर्णानं एकदा “रुकिए” म्हटलं आणि योगिनी खरंच थांबली. त्या एका गोष्टीनं अपर्णाला एवढा थकवा आला की तिथेच डोळा लागेल असं वाटलं. मग घरचा अभ्यास मिळाला. रोज दोनदा श्वास. टॉवेलची वळकटी घोड्याच्या नालेसारखी वाकवून तिच्यावर बसायचं, म्हणजे दुखऱ्या जागेवर भार येत नाही. आजपासून चार मिनिटं, पाचवं नाही. अंबरीशला आत बोलावून त्यालाही अभ्यास दिला: रोज दहा मिनिटं हात धरायचा, आणि त्यापुढे काहीही नाही.

“कितने दिन?” अंबरीशनं विचारलं.

“छह महीने। शायद साल। बीच में पीछे भी जाएँगे, तब घबराना नहीं।”

त्यानं अपर्णाकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. वर्ष तर वर्ष. निदान आता ते योग्य जागी लागणार होतं.

दोघं घरी पोचली आणि पाठोपाठ दारात टेंपो थांबला. टेंपोत मागे सागवानी खुर्ची, आणि खुर्चीवर नलिनीबाई, मांडीवर सोनल, गळ्यात दोन हार. त्या तशाच, बसलेल्याच, बाग मुगालिया एक्सटेन्शनपर्यंत फिरून आल्या असं दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, पण ते खोटं असावं.

“काय सांगितलंत तिथे?” अपर्णानं विचारलं.

“काय सांगायचं. अच्युतरावांनी माईक दिला. मी खुर्चीवर बसले. फार टणक आहे गं, माझेही हाल झाले. म्हटलं, माझी सून दवाखान्यात गेलीय. ती सेवेसाठी उभी नव्हती. तिला बसवत नव्हतं. बाईमाणसाला जिथे दुखलं तर सांगायची सोय नसते, तिथे दुखतं तिला. ती अथक नाही, दमलीय. आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात आणि मी तेल लावलं.”

“मग?”

“मग काय. अच्युतरावांनी माईक घ्यायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. अजूनही तसाच असेल. मग मी म्हटलं, डाळीला पाणी सुटतंय, वाढायला घ्या.”

“आजीनं सगळ्यांना उभं केलं,” सोनल म्हणाली. “म्हणाली, पाच मिनिटं उभ्यानं खाऊन बघा.”

अपर्णानं पैठणीच्या घडीवर हात ठेवला, मग ती कपाटात परत ठेवली. टॉवेलची वळकटी करून दिवाणावर ठेवली आणि बसली. अंबरीश शेजारी बसला, घड्याळ लावून. दुसऱ्या मिनिटाला आग सुरू झाली, पण लहान होती. चौथ्या मिनिटाला ती उठली. विशेष काही घडलं नव्हतं, आणि ती इतकी दमली होती की जेवण वाढायचं काम पहिल्यांदाच नलिनीबाईंवर सोडून आडवी झाली.

रविवारी कुणी आलं नाही. एरवी रविवारी साखर मागायला तरी चारजणी यायच्या. अपर्णाला वाटलं, चुकलंच. आता मंडळात जायची सोय राहिली नाही.

सोमवारी अंबरीश कामावर, सोनल शाळेत, नलिनीबाई देवळात. अकराच्या सुमाराला समोरच्या क्वार्टरमधल्या सुहासिनीबाई आल्या. पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या, साळुंकीच्या गोष्टीत दुसरं अंडं ज्यांनी घातलं त्याच. हातात कैरीच्या डाळीचा रिकामा डबा.

“डबा द्यायला आले होते.”

“आत या ना.”

त्या आत आल्या. बाहेरच्या खोलीत मधोमध ती खुर्ची होती, कारण ती दुसरीकडे कुठे मावत नव्हती. तिच्या कोरीव हातांवर सोनलचे मोजे वाळत होते. सुहासिनीबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, दिवाणाकडे पाहिलं, दिवाणावरच्या वाकवलेल्या टॉवेलकडे बराच वेळ पाहिलं.

“बसा,” अपर्णा म्हणाली.

“नको. उभीच बरी आहे मी.” मग त्यांनी डब्याचं झाकण उघडून बंद केलं. “शाळेत उभ्यानंच शिकवते ना. सवय झालीय. मुलं म्हणतात, बाई कधी बसतच नाहीत.”

अपर्णानं त्यांच्या हातातून डबा घेतला. तो तिनं खुर्चीवर ठेवला. दोघी खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या.

“किती वर्षं?” तिनं विचारलं.

सुहासिनीबाईंनी दाराकडे पाहिलं. अपर्णा गेली, दार लोटून परत आली आणि दिवाणावरचा टॉवेल उचलून त्यांच्यासाठी नीट वाकवू लागली.